बाबांच्या कबरीला चुना लावायला गेले होते

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

आधी एवढं वाच, मग बाकीचं. मी बरी आहे. हातपाय जागच्या जागी आहेत. उजवा गुडघा सुजलाय, पण तो काही आजचा नाही. घरात कुणी आजारी नाही, म्हैस व्यायला अजून महिना आहे आणि मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललंय.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर आपल्या दोघींचं काय होतं ते गेल्या आठवड्यात झालंच. "आई, तू मला भित्री करून ठेवशील," म्हणालीस आणि कट केलास. मी किती तरी वेळ फोन तसाच कानाला लावून बसले. ओट्यावर दूध उतू गेलं. असो. हे पत्र तुझ्या वनरक्षकाच्या नोकरीबद्दल नाही. त्यावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय. शनिवारी जे घडलं तेवढं सांगते, आणि एक विचारायचंय ते विचारते.

शनिवारी पहिली तारीख होती. दोन नोव्हेंबरला फादर कबरींना आशीर्वाद द्यायला येणार, म्हणून आदल्या दिवशी चुना. या वेळी बंट्या बादली धरायला येणार होता, पण कारखान्याची मोळी पडली, गाळप सुरू झालं आणि त्याला दुपारची पाळी लागली. मग मी एकटीच गेले. चुनकळी रात्रीच भिजत घातली होती. सकाळी फडक्यातून गाळली, नीळ टाकली, मूठभर मीठ टाकलं. बाबा डिंक टाकायचे, पावसात धुपत नाही म्हणून. डिंक नव्हता.

तू दोन वर्षांत कबरस्तानात गेली नाहीस म्हणून सांगते. पाटाकडची भिंत या पावसाळ्यात पडली. वेडी बाभूळ आणि घाणेरी इतकी माजलीय की गोऱ्या फादरच्या कबरीचा चौथरा फाटकातून दिसतच नाही. ग्रामपंचायतीनं 'ख्रिश्चन दफनभूमी' असा पत्रा लावलाय, त्याच्यावर कुणीतरी ट्यूबवेलची जाहिरात चिकटवली. आणि पडलेल्या भिंतीच्या पलीकडे लगेच नानांचा ऊस. आडसाली. दीड पुरुष उंच. वारा आला की कबरस्तानावर सळसळ येते, पाऊस आल्यासारखी.

मानमोडीच्या कबरी आठवतात ना, चौथऱ्यामागच्या? १९१८ सालच्या तापाच्या साथीतल्या. नुसते दगड रचलेले, नाव ना गाव. थोरली आजी सांगायची, त्या साली खड्डे खणायला माणसं उरली नव्हती. त्या दगडांवर बाभळीच्या काट्या टाकायचे ते तरसासाठी. तरस ओली कबर उकरतं. बाबांचे आजोबा म्हणे पहिल्या तीन रात्री कंदील घेऊन राखणीला बसायचे. म्हणजे कबरस्तानात जनावर येणं आपल्याला नवं नाही. पण बिबट्या आमच्या लहानपणी इकडे कुणी पाहिला नव्हता. तरस, कोल्हा, फार तर लांडगा. वाघ म्हणजे तिकडे वर, भंडारदऱ्याच्या डोंगरात.

आता उसात. का, ते तूच मला सांगितलंस. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, तो वर्ष-दीड वर्ष उभा राहतो, आत गारवा, पाणी, आडोसा, बाहेर वस्तीवरची कुत्री. बिबटीण उसातच विते आणि पिल्लांचे डोळे उसातच उघडतात, त्यांना तेच रान. अकोले तालुक्यात बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावले तेव्हा शंभर चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे निघाले, आणि त्यांच्या पोटात सगळ्यात जास्त काय, तर कुत्री. हे तू सांगत होतीस तेव्हा मी भाकरी थापत होते आणि नुसतं "हो का" म्हणत होते. तुला वाटलं असेल आईचं लक्ष नाही. होतं.

बाबांच्या कबरीची वरची बाजू आणि पाटाकडची कड लावून झाली. दुसरी कड राहिली होती. पण ऊन उतरायला लागलं म्हणून म्हटलं, आधी दादाची लावून घेऊ. ती बाबांच्या पायथ्याशी, एवढीशी. ती उभ्यानं लावता येत नाही, उकिडवंच बसावं लागतं. सव्वापाच झाले असतील. पाटावर सातभाईंचा थवा भांडत होता, ते भांडतातच, मी काही मनावर घेतलं नाही. मग एकदम वेगळंच ओरडायला लागले, एका सुरात, आणि टिटवी उठली. आणि त्यानंतर चिडीचूप. इतकं, की कुंच्यातून चुना ठिबकलेला ऐकू आला.

तुझं वाक्य आठवलं म्हणू का? आठवलं नाही. मानच आपोआप वर झाली.

चौथऱ्यावर पसरली होती. गोऱ्या फादरच्या कबरीवर, पुढचे पाय चौथऱ्याच्या कडेवरून खाली सोडून. आपल्या ओट्यापासून हापशापर्यंत असेल तेवढं अंतर. आधी मला कुत्रं वाटलं, मग वासरू वाटलं. मग शेपटीचं टोक हललं, खालून पांढरंशुभ्र. ती माझ्याकडेच बघत होती. किती वेळ बघत होती देव जाणे. मी पंधरा-वीस मिनिटं तिच्यासमोर पाठ करून, वाकून, शेळीएवढी होऊन बसले होते.

तेव्हा मला कळलं की तू मला का दटावत होतीस. "आई, बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही. उसाच्या कडेला उकिडवं बसू नकोस. दिसलाच तर उभी राहा, मोठी हो, पळू नकोस, पाठ दाखवू नकोस, बोलत राहा." मी त्यावर म्हणाले होते, मग शौचाला जाणाऱ्या बायांनी काय करावं? आणि तू चिडली होतीस. बाळा, मी उभी राहिले. गुडघा कडकन वाजला. दोन्ही हातांनी पदर वर धरला, झेंड्यासारखा. एका हातात कुंचा होता तो तसाच, चुना दंडावरून ब्लाउजात उतरत होता.

बोलायचं काय? नमो मरिया म्हणायला लागले तर दुसऱ्या ओळीला अडकले. बालपणापासून रोज म्हणतेय, आणि अडकले! मग तोंडातून जे निघालं ते ऐकून तू हसशील. "घाबरू नको. घाबरू नको गं बाई. झालंच आता. लांब श्वास घे." चौतीस वर्षं वस्त्यांवर बाळंतपणं करताना हेच बोलले ना, दुसरं काही तोंडात बसलेलंच नाही. कुणाला सांगत होते ते मलाही माहीत नाही.

ती उठली. घाईनं नाही. पुढचे पाय लांबवून, पाठ खाली घालून आळस दिला, आपली मनी देते तसा. आणि वळली तेव्हा मला तिचं पोट दिसलं. बाळा, माझी नजर चुकायची नाही. अंगावर पाजती होती. सड भरलेले, भोवतीचे केस ओढून ओढून चिकटलेले. पंधरवडा-महिन्याची बाळंतीण. कानांच्या मागं एक एक पांढरा ठिपका. दोन उड्यांत पडलेल्या भिंतीवरून उसात. आणि तुला सांगते, पान हललं नाही. एवढं मोठं धूड, आणि उसाचं पान हललं नाही.

मी मागं मागं सरत फाटकाशी आले. मध्ये बादलीला टाच लागली आणि सगळा चुना बाबांच्या कबरीवर आणि खाली सांडला. रस्त्यावर आले आणि तिथं मात्र पाय गेले. विजेच्या खांबाला धरून बसले. ऊसतोडीची एक बैलगाडी आली, त्यातली बाई म्हणाली, मावशी चक्कर आली का? म्हटलं, हो, ऊन लागलं. संध्याकाळी साडेपाचला.

कुणालाच सांगितलं नाही. बंट्यालाही नाही. का, ते पुढं लिहिते.

आता हे सांगताना तुझ्या नोकरीवर येणं भाग आहे. रागावू नकोस. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि बिबटीण डोळ्यांपुढून गेली तरी तू जात नव्हतीस. तू फोनवर म्हणाली होतीस, "तू नाही का जायचीस रात्री-अपरात्री वस्त्यांवर? बाबांनी अडवलं का तुला कधी?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही म्हणून मी आवाज चढवला. ते चुकलंच.

बाबांनी अडवलं नाही. ते बोलायचे नाहीत, पण झोपायचेही नाहीत. त्यांची पाटावर पाळी नसली की माझ्यामागं तीन सेलची बॅटरी घेऊन यायचे, चारीच्या कडेकडेनं, दहा पावलं मागं. सोबत चाला म्हटलं तर म्हणायचे, "तू बाईंसारखी पुढं चाल, मी शिपाई." एकदा तर श्रावणात, चारी फुटलेली, कमरेइतक्या पाण्यातून आम्ही पलीकडच्या वस्तीवर गेलो. पायाळू होतं. बाहेर बाबा रात्रभर त्या घरच्या म्हाताऱ्याबरोबर शेकोटीला बसले आणि पहाटे मुलगा झाला तेव्हा म्हाताऱ्यानं पेढे नव्हते म्हणून बाबांच्या हातावर गूळ ठेवला. तो मुलगा आता सोसायटीत सेक्रेटरी आहे. माझ्याशी मान खाली घालून बोलतो. कशाला घालतो कोण जाणे.

बघ, कुठून कुठं गेले. मला म्हणायचं होतं ते हे. मी जायचे तेव्हा दारात माणसं डोळे लावून बसलेली असायची. मी दिसले की "आल्या गं बाई" म्हणून अर्धं दुखणं कमी व्हायचं. तुला बोलावतात तेव्हा माणसं चिडलेली असतात. कुणाची शेळी गेलेली, कुणाचं, देवा, पोर गेलेलं. तुझ्या हातात काठी आणि बॅटरी, आणि समोर पाचशे माणसं. बंट्यानं मला तो व्हिडिओ दाखवला होता. तू नव्हतीस त्यात, दुसरीकडची कुणी होती, तुझ्याएवढीच, खाकीतली. एक माणूस तिच्या तोंडापुढं हात नाचवत होता आणि ती खाली बघून ऐकून घेत होती. खात्याच्या गाड्या पेटवल्याच्या बातम्याही मी वाचल्या. ज्याचं पोर गेलं त्याला मी काय दोष देऊ? मीही तसंच ओरडले असते, कदाचित दगडही उचलला असता. पण ती पोरगी तरी कुणाची तरी आहेच ना.

बिबट्यासमोर काय करायचं ते तू मला शिकवलंस. उभी राहा, मोठी हो, बोलत राहा. माणसांसमोर काय करायचं ते तुला कुणी शिकवलंय का? शहापूरच्या ट्रेनिंगमध्ये होता का तो तास? तिथं मोठं होऊन चालत नाही. तिथं पाठ दाखवून निघावं लागलं तर निघ, त्यात कमीपणा नाही. रात्री एकटी जाऊ नकोस. वनपाल साहेबांना म्हणावं, पोलिस आल्याशिवाय मी गाडीतून उतरणार नाही. जमावात मागं भिंत असेल तिथं उभी राहू नकोस, निसटायला वाट ठेव. आणि कुणी बाई असेल तर तिच्याशी आधी बोल, तिच्याजवळ बस. बाई शेजारी असली की पुरुष हात उचलायला...

परत लेक्चर. लिहिणार नव्हते. खोडत नाही, राहू दे. म्हाताऱ्या माणसाचं समज.

तुला एक कधी सांगितलं नाही. भरतीच्या वेळी पाटाच्या कडेनं पहाटे तीन किलोमीटर पळायचीस आणि मी बाबांचं घड्याळ घेऊन पुलावर उभी राहायचे, आठवतं? शेवटच्या आठवड्यात तुझी वेळ चांगली येत नव्हती, तू रडायला आली होतीस. मी दोनदा खोटं सांगितलं. अर्धा अर्धा मिनिट कमी करून सांगितला. तुला जोर यावा म्हणून केलं असं वाटत असेल तर तसं समज. पण त्याच्या आधी दोन दिवस मी उलटंही केलं होतं, जास्त वेळ सांगितली होती, की हिनं नाद सोडावा. दोन्ही मीच. आता सांगून टाकलं. तुझा वर्दीतला फोटो मतमाउली मरियेशेजारी लावलाय, आणि हरेगावच्या यात्रेहून आलेल्या प्रत्येक माणसाला मी तो बोट करून दाखवते, हेही तितकंच खरं.

आता रविवारचं. आशीर्वादाची वेळ साडेपाचची होती. मी फादरांकडे सकाळच्या मिस्सानंतर गेले आणि चारची करून घेतली. म्हाताऱ्यांना अंधारात दिसत नाही म्हटलं. गायनमंडळाला ढोलकी आणि पेटी दोन्ही आणायला लावली, कर्णाही लावला. फादर म्हणाले, बाई, यंदा जोरात? म्हटलं, हो, यंदा जोरात. चाळीस-पन्नास माणसं होती, पोरं मेणबत्त्या घेऊन पळापळी करत होती आणि माझा जीव भिंतीच्या खिंडारावर.

मी सगळ्यांच्या आधी बाबांच्या कबरीपाशी पोचले ते बरं झालं. सांडलेला चुना रात्रीत वाळला होता. आणि त्यात, बाबांच्या छातीवर म्हणावं अशा जागी, पाय उमटला होता. पुढचा असावा, गोलसर होता. चार बोटं, मागं गादी, गादीला खाली तीन वळ्या. नखं नाहीत. कुत्र्याची नखं उमटतात, मांजराच्या जातीची नाही, हे तूच सांगितलेलं. मी हात ठेवून बघितला. माझा तळवा, बोटं सोडून, बरोब्बर त्यात बसतो. म्हणजे मी गेल्यावर ती परत आली. त्याच वाटेनं, बाबांच्या वरून, कुठं तरी जायचं असेल तिला.

मागून मावशीची नात आली. "आजी, एवढं मोठं मांजर?" मी झेंडूचा हार तिथंच ठेवला. फुलं पसरली. मेणबत्ती जरा लांब लावली. फादरांनी पाणी शिंपडलं, पुढं गेले.

तर मी का गप्प आहे ते ऐक. सांगितलं की गावात बोंब होणार. पिंजरा आणा. पिंजऱ्यात शेळी बांधणार, आई सापडणार, आणि पिल्लं आत उसात. तूच मला सांगितलं होतंस की जुन्नरला २००१ नंतर धरून धरून दुसरीकडे सोडले, तर हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. एक नेला की त्याच्या जागी दुसरा येतो. आणि खरं सांगू? तिनं मला पंधरा मिनिटं बसू दिलं. मी दादाच्या कबरीला चुना लावत होते आणि तिनं मला लावू दिला. हे कुणाला सांगून पटायचं नाही. तुलाही नाही, तू म्हणशील, आई, ती पोट भरलेली होती, बाकी काही नाही. तसंच असेल.

पण मग मी असंही नाही म्हणू शकत की असू दे. पाटाच्या कडेला ऊसतोडीची टोळी उतरलीय, पाथर्डीकडची. अकरा कोप्या. पाचटाच्याच, दार म्हणून गोणपाट. मी मोजलं, पाच वर्षांखालची नऊ पोरं. आई-बाप पहाटे तीनला फडात, पोरं कोपीत झोपलेली, मोठी बहीण राखणीला, ती मोठी म्हणजे आठ वर्षांची. माझ्या हातात इतकी वर्षं लसीची पेटी होती बाळा, अशी पोरं बघितली की मी आधी दंडावरचा व्रण शोधते. सोमवारी सकाळी मी गेलेच. मुकादमाच्या बायकोला बाजूला घेतलं. तिला सांगितलं, सगळं नाही, पण पुरेसं. अंधार पडल्यावर पोरांना एकटं बाहेर सोडू नका, शौचाला दोघी-तिघी मिळून जा, हातात बॅटरी आणि घुंगराची काठी, कोपीजवळ उष्टं टाकून कुत्री जमवू नका. ती म्हणाली, "बाई, आमच्याकडे गेल्या साली फडात तीन पिल्लं निघाली होती. हिरवे हिरवे डोळे. माझ्या पोरीनं उचलून मांडीवर घेतली." मग म्हणाली, आम्ही घाबरून काय करू, आम्हाला कोयता तर तिथंच चालवायचाय.

ते वाक्य मला लागलं. तूही तेच म्हणाली होतीस, फक्त चिडून.

नानांच्या उसाला पंधरा तारखेला तोड आहे. तोड लागली की शेवटच्या चार सऱ्यांत पिल्लं निघणार, मग मोबाईल घेऊन अख्खं गाव, मग कुणीतरी उचलणार, सेल्फी, आणि आई कुठं तरी बाजूच्या घासात बसून बघत असणार. तुम्ही लोक पिल्लं त्याच जागी टोपलीत ठेवता आणि रात्री आई येऊन नेते, कॅमेऱ्यात तू मला दाखवलं होतंस, एकेक पिल्लू मानेला धरून. तसं इथं होईल का? कुणाला सांगायचं? आपल्या बीटचे वनरक्षक नवीन आहेत, मी त्यांना ओळखत नाही. वनखात्याचा १९२६ नंबर तू फ्रिजवर चिकटवून गेलीस, तो रोज बघते. लावला तर पहिल्यांदा पिंजराच येईल का? की आधी तुझ्यासारखं कुणी येऊन बघेल? हे मी आई म्हणून विचारत नाहीये. आपल्या गावची बाई म्हणून तुला, मॅडम म्हणून विचारतेय. तू सांगशील तसं करते. पंधरा तारखेच्या आत सांग. उशीर झाला आणि त्या नऊतल्या एकाला काही झालं तर माझं गप्प बसणं माझ्यापुरतं उरायचं नाही.

आणि इथं नानांच्या फडापुढं गर्दी जमेल, तेव्हा मीही तिथं उभी असेन, त्या गर्दीत. जी कुणी खाकीतली पोरगी येईल तिच्या शेजारी जाऊन उभी राहीन. माझ्या हातून एवढंच होईल. तुझ्याकडेही कुणी म्हातारी असेलच.

बाबांच्या कबरीची ती एक कड अजून तशीच आहे, राखाडी. बंट्या म्हणाला, चल, लावून टाकू, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं राहू दे. दुसरा हात मारला की पाय बुजेल. तू बघून घे आधी. नाताळला सुट्टी नाही हे मला माहीत आहे, मागत नाहीये. जेव्हा मिळेल तेव्हा. फक्त पाऊस यायच्या आत, डिंक नाही त्यात.

बंट्या बुधवारी नारायणगावला टोमॅटोच्या गाडीबरोबर येतोय, त्याच्याकडे शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ आणि बाबांची बॅटरी दिलीय. तुमच्याकडे खात्याच्या मोठ्या असतात ते माहीत आहे. ही पिशवीत पडून राहू दे. सेल नवीन घातलेत. बटण अडकतं तिचं, एकदम दाबलं तर लागत नाही. अंगठ्यानं आधी जरा मागं ओढायचं आणि मग पुढं ढकलायचं.

तुझी,
आई